अर्धा र

वेंगुर्ल्याच्या बंदररोडवर, बर्फाच्या कारखान्यासमोर
माझं दुकान : नऊ बाय सात.
आधी होड्यांवर नावं रंगवायचो,
डाव्या हातात डबा, उजव्यात ब्रश, पाय चिखलात.
मग फ्लेक्स आले आणि मी खुर्चीत बसलो.

कोल्हापूरहून आणलेली दीडशे रुपयांची सीडी
बारा वर्षं चालली.
चोरीची आहे हे ठाऊक होतं,
जसं ठाऊक असतं
शेजारच्या कुंपणातून आपल्याकडे वाकलेल्या
काजूच्या फांदीबद्दल.
यंदा शिमग्याच्या तोंडावर नवा कॉम्प्युटर घेतला
आणि पडद्यावर चौकट उगवली :
महिन्याला इतके भरा.
दर महिन्याला. जिवंत असेपर्यंत.
ब्रश भाड्यानं घ्यायचा, आणि भाडं थकलं
तर आपणच काढलेलं चित्र आपल्याला उघडायचं नाही.

कोकम सरबताचं लेबल अर्धं टाकून
मी दारात येऊन उभा राहिलो.

कारखान्यात हिशेब लिहिणारा इनास फर्नांडिस
खिशातून पेनड्राइव्ह काढत म्हणाला,
"ह्यां घाल. इंकस्केप. फुकट आसा."
पेनड्राइव्हला बांगड्याचा वास.
मी हसलो. फुकटचं मला माहीत आहे,
पहिल्या महिन्यापुरतं असतं.
"तसलां न्हय," तो म्हणाला. "रापणीसारख्यां."
आणि लाद्या मोजायला निघून गेला.

पंधरा दिवस शिव्या घातल्या.
बटणं भलत्या जागी. हात जुन्या वाटेनं जायचा
आणि उंबऱ्यावर आपटायचा.
कुडाळचा प्रेसवाला फोनवर ओरडला,
आमसुली रंग मातकट आलाय,
हे कोकम आहे की चिंच?
ते अजून धड जमत नाही. खोटं कशाला सांगू.

मग रोहिदास गिरप आला, नव्या होडीचं नाव घेऊन :
वाऱ्याची लेक.
मी टाइप केलं. फुकटच्या फॉन्टनं
र उचलून य-च्या डोक्यावर ठेवला.
रोहिदास बघत राहिला. मग म्हणाला,
"माज्या वाऱ्याच्या डोक्यार ही टोपी कित्याक?"

खरंच. ज्यानं कुणी तो फॉन्ट घडवला
त्याच्या भाषेत नसेल हा अर्धा र,
आडवा, पापणीएवढा.
तो नसला की
दऱ्यांचा दर्या होतो,
अख्ख्या सह्याद्रीत पाणी शिरतं.

विकतचं असतं तर
तक्रार लिहून म्हातारा झालो असतो.
इनास म्हणाला, "उघडून बघ. कुलूप नाय त्येका."

उघडलं. आत अक्षरं नुसती उभी होती,
ठिपके, आणि ठिपक्यांना बांधलेल्या ताठ दोऱ्या.
कुणीतरी लिहून ठेवलं होतं : हवं ते बदला,
बदललंत तर पुढच्यालाही बदलू द्या.
मी आजूबाजूला पाहिलं, कुणी बघतंय का.
सीडीची सवय.

रात्री अकरापर्यंत एक पापणी काढत बसलो.
माऊस हातात, पण ओढ मनगटाची,
होडीच्या नाळेवर ब्रश ओढायचो तशी,
श्वास धरून, एका झटक्यात.
चौतीस वेळा चुकली.

रापणीत दोराला जो हात लावेल त्याचा वाटा.
वाटेनं जाणाऱ्याचासुद्धा,
शाळेतून परतणाऱ्या पोराचासुद्धा,
मूठभर पेडवे का होईनात.
लहानपणी मीही लावायचो हात.
ओढायचो कमी, लोंबकळायचो जास्त.

फॉन्ट जिथून आला तिथे परत पाठवला.
पाच आठवड्यांनी कुणा अनोळख्यानं,
गाव न सांगणाऱ्यानं,
माझी पापणी केसभर डावीकडे सरकवली.
राग आला.
मग मोठं करून पाहिलं.
बरोबर होतं त्याचं.

वाऱ्याची लेक आता निवतीच्या दिव्यापलीकडे जाते.
धक्क्यावरून नाव वाचता येत नाही,
अर्धा र तर मुळीच नाही.
आमसुली रंगाचं बघायचंय अजून.